भाऊजींचं बोट

आमच्या भाऊजींना स्वच्छतेचं फार वेड, असं नातेवाईक कौतुकानं सांगतात. मला विचाराल तर त्यांना वेड आहे ते दुसऱ्यांच्या अस्वच्छतेचं. कुणाच्या कॉलरवरचा डाग, कुणाच्या नखातली माती, कुणाच्या कपाच्या कडेला राहिलेला साबण, हे त्यांना खोलीच्या दुसऱ्या टोकाहून दिसतं. आणि दिसलं की हरवलेली किल्ली सापडल्यासारखा त्यांचा चेहरा उजळतो.

भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. एका वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघराचे प्रमुख. तिथं त्रेचाळीस म्हातारी माणसं राहतात आणि स्वयंपाकघरात तेरा जण राबतात. हे तेरा जण त्यांना समोर ‘साहेब’ म्हणतात आणि पाठ फिरली की ‘चकाचक’. पांढरा कोट, पांढरी टोपी, पांढरे हातमोजे. वाढायला उभे राहिले की हे आता कुणाचं तरी ऑपरेशन करणार असं वाटावं.

मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करते. माझ्या टेबलावर पोटाच्या रोगांचे नमुने येतात. स्पष्ट सांगायचं तर लोकांच्या संडासाच्या डब्या. एकवीस वर्षं मी त्या उघडतेय, आणि त्यातला कुठला जंतू कुणाला आडवा करतोय ते सांगतेय. ताईच्या लग्नात भाऊजींनी आपल्या मित्रांना माझी ओळख करून दिली ती अशी: “ही आमची मेहुणी. हिचं करिअर घाणीत आहे.” सगळे हसले. मीही हसले, आणि त्या हसण्याचा मला आजही राग येतो.

ताईकडे माझा कप वेगळा आहे. निळ्या काठाचा, टवका उडालेला. तो इतर कपांत मिसळू नये म्हणून वरच्या फळीवर एकटा ठेवतात. मी गेले की भाऊजी विचारतात, “कोपरापर्यंत धुतलेस ना?” मी दिवसातून तीस वेळा हात धुते, जिथं धुतले नाहीत तर जीव जाऊ शकतो अशा ठिकाणी धुते, आणि हा भातात पळी फिरवणारा माणूस मला कोपर शिकवतो. पण ताईचं घर आहे, म्हणून मी मूग गिळून त्या टवक्याच्या कपातून चहा पिते.

त्यांच्या स्वयंपाकघरात रोज सकाळी साडेसहाला हातांची हजेरी होते. सगळ्यांनी ओट्यापुढे रांगेत उभं राहायचं. भाऊजी गरजतात, “हात पुढे!” सव्वीस हात पुढे येतात. भाऊजी मोजे घालून एकेक हात उलटासुलटा करतात, नखं दाबून बघतात, आणि कुणाचा तरी एक हात सगळ्यांना दिसेल असा वर धरून म्हणतात, “हा बघा. हा हात माणसांच्या अन्नाला लागणार आहे.” बहुतेक वेळा तो हात भांडी घासणाऱ्या मावशींचा असतो. एकोणीस वर्षं पातेली खरवडून त्यांच्या बोटांना भेगा पडल्यात, आणि भेगांत काळं बसतं ते घासून जात नाही. त्या घाण नाहीत, त्यांचे हात वापरलेले आहेत. पण हा फरक कळायला कधीतरी स्वतः पातेलं घासलेलं असावं लागतं.

आणि साहेबांचे हात कोण बघणार? कुणीच नाही. जो हजेरी घेतो त्याची हजेरी नसते.

आता दूधभाताचं सांगते. दर बुधवारी आश्रमात दुधात शिजवलेला मऊ, गोड भात असतो. दात नसलेल्यांना तो जातो. तो भाऊजी स्वतः करतात, दुसऱ्या कुणाला पातेल्याजवळ फिरकू देत नाहीत. पहाटे सहाला तो तयार होतो. मग तो कोमट होईपर्यंत थांबायचं, आणि मग पातेल्याला चादर गुंडाळून शेगडीच्या उबेत दुपारपर्यंत ठेवून द्यायचं, म्हणजे म्हणे तो मुरतो. वाढायच्या आधी एक दणदणीत उकळी. “उकळलं की सगळं मरतं,” हे भाऊजींचं ब्रह्मवाक्य. हे वाक्य त्यांनी मला इतक्या वेळा ऐकवलंय, जसं काही जंतू त्यांच्याकडे येऊन दाखला घेऊन मरतात.

भात कोमट झालाय हे कसं कळतं? भिंतीवर थर्मामीटर आहे. तो आणल्या दिवसापासून आपल्या प्लास्टिकच्या पिशवीत खिळ्याला लटकतोय, तपासणीला येणाऱ्यांना दाखवायला. भाऊजी उजव्या हाताचा मोजा काढतात, तर्जनी दोन पेरं भातात बुडवतात, डोळे मिटतात आणि म्हणतात, “झाला.” मोजे हजेरीसाठी, बोट भातासाठी.

त्या बुधवारच्या आधीच्या रविवारी मी ताईकडे गेले होते. भाऊजी उजवी तर्जनी वर करून बसले होते. नखाच्या कडेला नखुरडं झालं होतं, चांगलं टपोरं, पिवळं. ताई पट्टी बदलत होती आणि ते असे कण्हत होते, की शेजाऱ्यांना वाटावं हात तुटला.

मी म्हटलं, “भाऊजी, यात पू आहे. बरं होईपर्यंत अन्नाला हात लावू नका.”

“तू नको सांगूस,” ते म्हणाले. “डब्या चिवडणाऱ्यांनी मला स्वच्छता शिकवायची वेळ अजून आलेली नाही. मी मोजे घालतो.”

ताईनं मला डोळ्यांनी गप्प केलं. मी चहा प्यायले. टवक्याच्या कपातून.

बुधवारी दुपारी तीनच्या सुमाराला आश्रमात उलट्या सुरू झाल्या. संध्याकाळपर्यंत अठ्ठावीस जण आडवे झाले होते. बादल्या पुरेनात, चादरी पुरेनात. सगळ्यात आधी आणि सगळ्यात वाईट उलट्या झाल्या त्या ताईच्या सासूबाईंना, म्हणजे भाऊजींच्या आईला. त्या त्याच आश्रमात वरच्या मजल्यावर राहतात. त्यांना आणि आणखी एका आजोबांना आमच्या हॉस्पिटलमध्ये आणून सलाइन लावावं लागलं.

नमुने घ्यायला मलाच पाठवलं. मी पेटी घेऊन स्वयंपाकघरात गेले तेव्हा भाऊजी कोट चढवून तयार होते, आणि त्यांचा निकालही तयार होता. “भांडी,” ते म्हणाले. “मी कधीपासून सांगतोय, या बाईचे हात बघा.” मावशी मोरीपाशी उभ्या होत्या. सगळ्या रांगेनं त्यांच्याकडे पाहिलं.

मीही पाहिलं. इथं मला माझी लाज सांगायला हवी, कारण दुसरं कुणी सांगणार नाही. मी पहिला स्वॅब मावशींच्या हाताचा घेतला. स्वॅब म्हणजे कापूस लावलेली काडी, ती कातडीवर फिरवायची आणि नळीत बंद करायची. इतरांच्या हाताला एक आणि नाकाला एक काडी लावली. मावशींच्या नखांना तीन लावल्या. त्यांनी भेगा माझ्यापुढे उघडून धरल्या होत्या, दुखत असणार, पण त्या हूं की चूं करत नव्हत्या. तेरा जण झाले. भाऊजी शेजारीच यादी घेऊन उभे होते, मोजे घालून.

“तुमचा?” मी विचारलं.

“माझा कशाला?” ते म्हणाले.

आणि मी पेटी बंद केली. त्यांचं बोट मला आठवलंच नाही, असं म्हणणं सोयीचं आहे. आठवलं होतं. त्या मोज्याकडे बघतानाच आठवलं होतं. पण डोळ्यांपुढे ताई आली, आणि माझी एकवीस वर्षांची विद्या शेपूट घालून बसली.

शुक्रवारी प्लेटा, म्हणजे जंतू वाढवायच्या बशा, वाचल्या. तेरा जणांपैकी कुणाकडेच काही सापडलं नाही. मावशींचे हात तर सगळ्यांत स्वच्छ निघाले. दिवसभर साबणाच्या पाण्यात असलेल्या हातांवर जंतू टिकणार तरी कसा? नियमाप्रमाणे फ्रिजमध्ये राखून ठेवलेल्या दूधभाताच्या नमुन्यातही जिवंत जंतू एकही नव्हता. तो नमुना उकळीनंतर लगेच काढलेला होता. पण त्या नमुन्यात विष होतं, भरपूर. मी रिपोर्टमध्ये दोन्ही लिहिलं.

भाऊजींनी त्यातलं सोयीचं तेवढं वाचलं. भातात जंतू नाही, म्हणजे भात शुद्ध. मग विष आलं कुठून? भांड्यातून. मावशींचे स्वॅब स्वच्छ आले? “सापडलं नाही म्हणजे नव्हतं असं नाही,” साहेबांनी मान वर करून सांगितलं. असा तर्क करायला छाती लागते, डोकं नसलं तरी चालतं. आश्रमाच्या संचालिका बाई घाबरलेल्या होत्या, म्हाताऱ्यांचे मुलगे-मुली फोनवर फोन करत होते, कुणावर तरी खापर फोडणं भाग होतं. मावशींना सांगितलं, सोमवारपासून येऊ नका. काम गेलं म्हणजे स्वयंपाकघरामागची खोलीही गेली. एकोणीस वर्षं त्या त्याच खोलीत राहत होत्या, दुसरं घर त्यांना नव्हतं.

शनिवारी सकाळी मावशी लॅबच्या दारात आल्या. आत येईनात. बाहेरूनच दोन्ही हात पुढे केले.

“ताई, पुन्हा एकदा तपासा,” त्या म्हणाल्या. “नीट तपासा. माझ्या हातानं एवढी माणसं आजारी पडली असतील तर मला कळायला पाहिजे.”

“मावशी, तुमच्या हातात काही नाही.”

“मग मला काढलं कशाला?”

भाऊजींचा मला आयुष्यभर तिटकारा वाटत आलाय, पण त्या दिवशी त्यातला मोठा वाटा मी स्वतःसाठी काढून ठेवला.

तशीच उठून वॉर्डात सासूबाईंकडे गेले. त्या उशीला टेकून बसल्या होत्या, चेहरा लिंबासारखा पिवळा पडलेला, पण जीभ शाबूत होती.

“पोरी, एक काम कर,” त्या म्हणाल्या. “माझ्या कपाटात स्वेटरच्या मागं वाटी आहे. बशी झाकलेली. त्यात दूधभात आहे, तो त्याला नेऊन दे.”

“कुणाला?”

“अगं, माझ्या लेकाला. बुधवारी बारालाच घेऊन आला माझ्यासाठी. सगळ्यांच्या आधी आणतो, उकळायच्याही आधी, मला फार गरम चालत नाही ना. मी अर्धा खाल्ला आणि अर्धा त्याला ठेवला. तो पहाटेपासून उपाशी असतो गं, कुणी विचारत नाही त्याला.”

मी जागेवरून उठले ती थेट आश्रमात. उकळायच्या आधीचा भात! अख्ख्या आश्रमात ती एकच वाटी होती जिला ती दणदणीत उकळी लागली नव्हती. वाटी स्वेटरमागेच होती. बशी उचलली तर आंबट वास आला. मी ती तशीच झाकून लॅबमध्ये नेली.

जे भाऊजींना कधी कळलं नाही ते असं आहे. हा जंतू पिकलेल्या बोटात असतो, कितीतरी धडधाकट माणसांच्या नाकातही असतो. तो कोमट दूधभातात पडला की त्याला सणच. चादर गुंडाळून दिली तर विचारूच नका. पाच-सहा तासांत तो वाढतो आणि अन्नात विष सोडतो. मग तुम्ही उकळी काढली की जंतू मरतो, अगदी भाऊजी म्हणतात तसा. पण विष त्या उकळीला भीक घालत नाही. ते तसंच राहतं, आणि ताटात जातं. म्हणून राखलेल्या नमुन्यात खुनी नव्हता, फक्त त्याचं काम होतं. वाटीत मात्र तो जिवंत होता. सोमवारी पहाटे प्लेट उघडली तर सगळीकडे सोनेरी ठिपके, मोहरीएवढे, चकाकणारे. भाऊजींना शोभेल असा चकाचक जंतू.

निघता निघता ताईचा फोन आला. तिला कुणी सांगितलं कोण जाणे.

“अगं, घरच्या माणसाचं नाव घेणार आहेस का?”

“मी नाव घेत नाही, ताई. स्वॅब घेते.”

“ते मुद्दाम नाही करायचे काही. म्हाताऱ्यांची तोंडं भाजू नयेत म्हणून बोट घालून बघतात ते.”

“माहीत आहे. आणि मावशी?”

ताईनं विचारलं, “त्यांची खोली गेली का गं खरंच?” आणि मी हो म्हटल्यावर फोन ठेवला.

साडेसहाला मी आश्रमाच्या स्वयंपाकघरात पोचले. संचालिका बाईंना मी पहाटेच फोन करून कळवलं होतं, त्याही आल्या होत्या. मावशी मागच्या दारात पत्र्याची पेटी घेऊन उभ्या होत्या, किल्ली परत करायला आलेल्या. भाऊजींनी नेहमीसारखी हजेरी सुरू केली होती. एवढं होऊनही माणसाचा तोरा बघा! चोवीस हात पुढे आले. ते रांगेवरून फिरले, शेवटच्या हातापर्यंत गेले आणि वळले.

मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. “भाऊजी, हात पुढे.”

स्वयंपाकघरात दूध उतू जायला लागलं तरी कुणी हललं नाही.

“हा घरचा राग आहे,” ते संचालिका बाईंना म्हणाले. “हिला एका कपाचा राग आहे, मॅडम. वर्षानुवर्षं.”

“आहे,” मी म्हटलं. “कपाचा राग खराच आहे. मोजा काढा.”

“मी प्रमुख आहे इथला.”

“दाखवा ना मग,” संचालिका बाई म्हणाल्या. “एवढं काय?”

मोजा निघता निघेना. आतल्या पट्टीला चिकटला होता. भाऊजींनी तो ओढला तेव्हा त्यांच्या तोंडून ‘आई गं’ निघालं, आणि रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. नखुरड्यावर पिवळी खपली होती, कडेला अजून ओल. मी काडी फिरवली, नळीत घातली, नाव लिहिलं. हा हात माणसांच्या अन्नाला लागतो, हे वाक्य माझ्या ओठांवर आलं होतं. मी ते गिळलं, आणि त्याचं मला कुणीही श्रेय देऊ नये, कारण ते मी सभ्यपणामुळे गिळलं नाही. सगळ्यांच्या मनात ते आधीच होतं.

मग संचालिका बाई दाराकडे वळल्या. “मावशी, पेटी आत ठेवा.”

मावशींनी पेटी ठेवली, पदर खोचला आणि आधी उतू गेलेलं दूध पुसायला घेतलं.

बोटातला जंतू आणि वाटीतला जंतू एकच, असं मोठ्या प्रयोगशाळेनं आठ दिवसांनी कळवलं. भाऊजींना स्वयंपाकघरातून काढून धान्याच्या कोठारावर बसवलं. तिथं ते आता पोत्यांना शिस्त लावतात. मावशींची त्यांनी माफी मागितली का? नाही. नातेवाइकांना ते सांगतात की मोठ्या प्रयोगशाळा मशीनवर चालतात आणि मशीन चुकतात. ताईकडे माझा कप अजून वरच्या फळीवरच आहे. फक्त गेल्या खेपेला ताईनं चहा आणला तो सगळ्यांच्या कपांसारख्या कपात, आणि भाऊजींनी खिडकीबाहेर पाहिलं.

सासूबाई पंधरा दिवसांनी आश्रमात परतल्या. आम्ही त्यांना सोडायला वर गेलो, ताई, भाऊजी आणि मी. काय घडलं हे त्यांना कुणीच सांगितलेलं नव्हतं. ते त्यांच्या लेकाचं काम होतं, आणि लेक इतके दिवस कोठारात पोती मोजत बसला होता. मावशी खोलीत जेवणाचं ताट घेऊन आल्या होत्या. सासूबाईंनी कपाट उघडलं, स्वेटर बाजूला केले, आणि समाधानानं मान हलवली.

“दिलास ना गं त्याला?” त्यांनी मला विचारलं. मग भाऊजींकडे वळल्या. “माझ्या वाट्यातला दूधभात खाल्लास का रे? कसा झाला होता?”

भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या नजरेत माझ्याकडे काहीतरी मागणं होतं. मी गप्प राहिले. मला द्यायचं नव्हतं. त्यांचा उजवा हात खिशात होता, आणि तो तिथंच राहिला. म्हातारी वाट बघत होती.

“छान झाला होता, आजी,” मावशी ताट ठेवता ठेवता म्हणाल्या. “साहेबांनी सगळा संपवला. वाटी मीच घासली.”

मला एकदम माझ्या गप्प बसण्याची लाज वाटली. भाऊजींनी मावशींकडे मान वळवून पाहिलंसुद्धा नाही.

“तुझ्या हातचा म्हणजे चांगलाच असणार,” सासूबाई लेकाला म्हणाल्या आणि जेवायला बसल्या.